प्रभूची इच्छा असली तर पोहे

आमच्या बाबांची एक सवय लहानपणापासून माझ्या डोक्यात जायची. कुठलाही प्लॅन सांगा, शेवटी ते "प्रभूची इच्छा असली तर" जोडणारच. उद्या गोंदियाला जाऊ, प्रभूची इच्छा असली तर. रविवारी उपासना झाली की तर्री पोहे खाऊ, प्रभूची इच्छा असली तर. आता पोह्यात प्रभूला काऊन आणता बाबा? मला तर ती सरळ पळवाट वाटायची, कारण बरेचदा पोहे व्हायचेच नाहीत.

मग कधीतरी कळलं की हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं आहे, चौथा अध्याय. तिथे व्यापारी बोलून राहिलेत की आज नाहीतर उद्या अमुक शहरात जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, पैसा कमवू. आणि याकोब म्हणतो, उद्याचं तुम्हाला माहीत नाही, तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसते आणि मग दिसत नाही. तो धंदा करू नका म्हणत नाही हं, पुढचं सगळं खिशात असल्यासारखं बोलू नका म्हणतो एवढंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या २ नोव्हेंबरला आईची कबर साफ करायला गेलो होतो. पावसाळ्यानंतर कब्रस्तानात गवत कमरेएवढं होतं, आणि नोव्हेंबरात त्याचा रंग उतरायला लागतो. बायबलच्याच स्तोत्र ९० मध्ये माणसाला गवत म्हटलंय, सकाळी उगवतं आणि संध्याकाळी सुकतं. नागपूरकराला हे समजवायला पाळकसाहेबांची गरज नाही, मे महिन्यात गॅलरीतली कुंडी एक दिवस पाणी न घालता ठेवून बघा.

दगडावरची अक्षरं पुसट झाली होती म्हणून वाटेत काळा पेंट घेतला. दुकानात दोन डबे होते, एक स्वस्त, एक महाग, महागवाला पाच वर्षं टिकतो म्हणे. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्याच स्तोत्रात आयुष्य सत्तर वर्षं आणि शक्ती असली तर ऐंशी असा हिशोब दिलाय, तो त्यांना तोंडपाठ आहे. दोन्ही डबे हातात धरून म्हणाले, "महागडा घे, पुढच्या वेळी तुला एकट्याला यावं लागलं तर त्रास नको." दुकानदार हसला. मला नाही हसू आलं.

आईच्या मातीच्या वेळी लोक मला सांगत होते की रडू नको, ती प्रभूजवळ गेली. मला याचा अजूनही राग आहे. मेलेल्या लाजराला थोड्या वेळात जिवंत उठवायचंच आहे हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेजवळ रडला, आणि तुम्ही मला रुमाल आत ठेवायला सांगता? पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. पण विश्वास आहे म्हणून आईच्या हातच्या सांबारवडीची आठवण थांबत नाही.

अक्षरं रंगवताना बाबांनी हिस्लॉप साहेबांचा विषय काढला. मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं काढली आणि ज्यांच्या नावाचं ते कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मेले कसे हे मला माहीतच नव्हतं. १८१७ चा जन्म, स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, फावल्या वेळात दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांबद्दल लिहून ठेवलं. ४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला होता. ती वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या लोकांच्या कबरी, हजारो वर्षं जुन्या. त्या बघून रात्री घोड्यावर एकटा परत येताना पूर आलेल्या नाल्यात वाहून गेला. शेहेचाळीसही पूर्ण नव्हते. माझं सध्या शेहेचाळीसावंच चालू आहे.

त्याचे कागद अर्धेच राहिले होते, ते रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ मध्ये छापले. मला यातलं हेच जास्त लागलं, मरण नाही. टेबलावर कागद पसरलेले, उद्या परत बसू म्हणून ठेवलेले. मी पण दोन वर्षांपासून बाबांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करीन म्हणून राहिलोय. १९७० च्या नोव्हेंबरात बरीच प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना इथे नागपुरातच झाली, तेव्हा बाबा चोवीस वर्षांचे होते आणि मंडपात खुर्च्या लावत होते. तेवढी एक गोष्ट मला नीट माहीत आहे, बाकीची "एकदा बसू" मध्ये अडकलीत.

निघताना मी म्हटलं, बाबा, टाकळघाटला जाऊन येऊ शनिवारी, गाडीतच रेकॉर्डिंग करू, प्रभूची इच्छा असली तर. माझ्याच तोंडून निघालं.

बाबांनी ब्रश कागदात गुंडाळला. "त्याची इच्छा असेल रे, तुझ्या गाडीची सर्व्हिसिंग झाली का ते सांग."