रकाना क्रमांक अकरा आणि माझी शिडाची होडी

जलाशयावर होडी उतरवण्याच्या परवानगीसाठी मला जो अर्ज भरावा लागला, त्याच्या अकराव्या रकान्यात इंजिनाचा क्रमांक आणि बाराव्यात अश्वशक्ती लिहायची होती. माझ्या होडीला इंजिन नाही, शीड आहे. एवढ्याशा गोष्टीपायी माझे साडेतीन महिने गेले, आणि मध्यंतरी तर पाण्याला नव्हे, त्या अर्जाला शोभेल अशी होडी विकत घेण्याच्या बेतात मी आलो होतो. जुनी, वेगवान, एकट्याने चालवायची होडी कशी पारखावी हे पुढे येईलच. पण बेळगाव भागात कोणाच्या मनात असा विचार असेल तर त्याने होडी पाहण्याआधी अर्ज पाहावा, हे आधीच सांगून टाकतो.

नोकरीच्या काळात खडकवासल्याच्या पाण्यावर मी शीड हाताळायला शिकलो आणि निपाणीला परतल्यावर साहजिकच हिडकलकडे डोळे लागले. घटप्रभेवरचा हा जलाशय ज्यांनी दिवाळीच्या सुमारास एखाद्या शांत सायंकाळी काठावरून पाहिला असेल, त्यांना ५१ टीएमसीचे ते पाणी फार सभ्य वाटेल. घाटाकडचा वारा सुटला की त्याचा स्वभाव पालटतो. समुद्राची लाट लांब असते, तिच्यावर होडी सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तळ्यातली लाट बुटकी असली तरी उभी असते आणि एकीच्या पाठीला दुसरी लागून येते, त्यामुळे पहिलीवरून होडी उतरते न उतरते तोच तिचे नाक दुसरीत घुसते. अशा पाण्यात जड होडी प्रत्येक लाटेशी थबकते, आणि थबकलेली होडी सुकाणूचे ऐकत नाही. म्हणून मला होडी हलकी हवी होती, वरून बंद हवी होती आणि उलटली तर एकट्या माणसाला सरळ करता येईल अशी हवी होती.

एंटरप्राइझ जातीची एक होडी स्वस्तात मिळत होती. ती ४.०४ मीटर लांबीची, दोघांनी चालवायची आणि जुन्या घडणीची असल्यामुळे पोटात उघडी. एकदा उलटली की पाण्याने भरते आणि मग बादलीने उपसत बसावे लागते. होबी १६ ही जोडहोडी वाऱ्यासारखी पळते, परंतु तिचे १४५ किलो वजन उन्हाळ्यात मागे सरकलेल्या पाण्यापर्यंत चिखलातून एकट्याने ओढत नेणे माझ्याच्याने होणार नव्हते. उरली लेझर, जिला अलीकडे इल्का म्हणतात: लांबी ४.२३ मीटर, वरून बंद, आणि बसायच्या खळग्यात आलेले पाणी होडी चालू लागली की तळाच्या झडपेतून आपोआप निघून जाते. तिचे खरे मर्म मात्र असे, की एकाच सांगाड्यावर शिडे बदलता येतात. पूर्ण शीड ७.०६ चौरस मीटरचे, त्याखालचे ५.७६ चौरस मीटरचे, आणि या बदलासाठी शिडाखेरीज डोलकाठीचा केवळ खालचा तुकडा निराळा लागतो. माझे वजन ६६ किलो आहे, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात मोठ्या शिडाचा हट्ट धरणे म्हणजे दर दहा मिनिटांनी पोहणे होय. विकणाऱ्याकडे दोन्ही तुकडे असतील तरच व्यवहार करावा. खालचा तुकडा मागाहून शोधत बसणे महागात पडते.

या होडीत एक उणेही आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मधल्या खाचेतून पाण्यात सरकवायचे पाते, म्हणजे डॅगरबोर्ड, एंटरप्राइझच्या पात्यासारखे ठोकर लागताच मागे वळत नाही. ते जिथल्या तिथे अडते आणि सगळा धक्का खाचेला बसतो. पाणी ओसरले की हिडकलमध्ये हुन्नूरचे जुने विठ्ठल मंदिर वर येते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. जिथे देऊळ आहे तिथे गावाचे चौथरे आणि झाडांचे बुंधेही असणार. पाणी उतरणीला लागल्यावर मी त्या बाजूला जात नाही.

पहिली होडी पुण्याकडे पाहिली. ती पांढरीशुभ्र, नुकतीच पॉलिश केलेली होती आणि मालक फार गोड बोलत होते. मेव्हण्यांनी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतून लटकता काटा मागून आणला होता. तो सोबत नेल्याबद्दल वाटेत माझी पुष्कळ थट्टा झाली. नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो भरायला हवे होते, काट्याने ७१ दाखवले. ते जास्तीचे १२ किलो म्हणजे आतल्या फोममध्ये मुरलेले पाणी, आणि ते काही उन्हात ठेवल्याने आठवड्यात वाळत नाही. मालक म्हणाले, "काटा तंबाखूचा आहे, होडीचा नव्हे." आम्ही चहा घेऊन परतलो. दुसरी होडी मुंबईची, ती साडेसाठ किलो भरली आणि तिच्यासाठी दहा हजारांचा विसार देऊन, उरलेले पैसे परवानगी मिळताच देण्याचे ठरले. हीच माझी चूक.

अर्जातला अकरावा रकाना मी आडवी रेघ ओढून मोकळा सोडला होता. खिडकीतल्या लिपिकांनी तो कागद माझ्याकडे फिरवला आणि सांगितले, "रकाना मोकळा ठेवून चालत नाही की सर, इंजिन नंबर घाला." इंजिन नाही, असे मी म्हटल्यावर त्यांनी "मग लागू नाही म्हणून लिहा" असा मार्ग दाखवला, मी तसे लिहिले, आणि तीन आठवड्यांनी अर्ज "अपूर्ण" असा शेरा घेऊन टपालाने घरी आला. पुन्हा गेलो तेव्हा त्या खिडकीत दुसरे गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे पडले, की बिनइंजिनाच्या होड्यांचा अर्ज वेगळा असतो. तो घेतला, तर त्यात मच्छीमार सोसायटीचा सभासद क्रमांक मागितलेला होता. मी मासे पकडत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी मला पहिल्याच अर्जाकडे परत पाठवले. म्हणजे एका कागदाच्या लेखी माझ्यात इंजिन कमी होते आणि दुसऱ्याच्या लेखी जाळे.

पुढच्या फेरीला मी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन गेलो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर यांना रौप्य आणि विष्णू सरवणन यांना कांस्यपदक मिळाले ते याच जातीच्या होडीवर, हे मी मोठ्या अभिमानाने दाखवले. लिपिकांनी छायाचित्र लक्षपूर्वक पाहिले आणि विचारले, "फोटोपुरते इंजिन काढून ठेवले असेल काय?" ते चेष्टा करत नव्हते, हेच मला अधिक लागले. त्यानंतरच्या चार फेऱ्यांचे सार "नाळे बर्री", म्हणजे "उद्या या", या दोन कन्नड शब्दांत मावते. एकदा तर मी खिडकीशी पोहोचण्याआधीच शिपायाने मला ते ऐकवले.

(राहून जाण्याआधी लिहितो: डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते ती पाण्याने काठोकाठ भरून अर्धा तास पाहत बसावे. पातळी उतरली तर खोबणीला तडा आहे आणि तो भर वाऱ्यात डोलकाठीसकट फाटतो. तसेच मागच्या बुचाच्या छिद्रातून तोंडाने हवा भरून, सांधे साबणाच्या पाण्याने पुसावेत. बुडबुडे दिसतील तिथे गळती. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र लावू नये, त्याने धड सांधाही सुटतो. आणि बोटाच्या पेराने सगळा पृष्ठभाग वाजवून पाहावा. कलिंगड वाजवतो तसेच, फक्त इथे आवाज बद्द आला की होडी सोडून द्यावी.)

दुसरा महिना संपता संपता माझा धीर सुटला. इंजिनच हवे तर इंजिनाची होडी घेऊ, असे म्हणून मी आंबोली उतरून गोव्यात एक जुनी फायबरची स्पीडबोट पाहायला गेलो. ४० अश्वशक्तीचे इंजिन होते, क्रमांक ठसठशीत कोरलेला होता, आणि तो पाहून मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. होडीचा तळ पुढे जरा निमुळता असला तरी मागे जवळजवळ सपाट होता. असा तळ खाडीच्या संथ पाण्यात सुरेख घसरतो, परंतु उभ्या लाटांत तो पाणी कापण्याऐवजी त्याच्यावर आपटतो आणि प्रत्येक आपटीचा हिशेब चालवणाऱ्याच्या मणक्याकडून वसूल होतो; खवळलेल्या तळ्यासाठी इंग्रजी व्ही अक्षराचा खोल कोन थेट मागच्या फळीपर्यंत गेलेला असावा लागतो. मी इंजिनाचा खालचा दांडा धरून जरा उचलला, तर ती फळीच त्याच्याबरोबर हलली. आतले प्लायवूड कुजले होते. परतीच्या वाटेवर घाट चढताना मेव्हणे एवढेच म्हणाले, "भावजी, रकान्यासाठी मणका नका घालवू."

इकडे मुंबईचे विकणारे गृहस्थ पावसाळ्यापूर्वी शेड रिकामी करायला उतावीळ झाले होते आणि विसार बुडण्याची चिन्हे दिसत होती. शेवटी धारवाडला शिकणाऱ्या भाचीने मार्ग काढला. तिने शुद्ध कन्नडमध्ये एक पानाचे पत्र लिहिले: ही होडी वाऱ्यावर चालते, वारा पडल्यास वल्हे आहे, दोन जीवरक्षक जाकिटे आहेत, मालकाला पोहता येते. खाली होडीचे चित्र काढले आणि जिथे इंजिन असते असे लोकांना वाटते, तिथे बाण दाखवून "सुकाणू" असे लिहिले. मी इतके दिवस मराठीत आणि मोडक्या कन्नडमध्ये तोंडी समजावत होतो. कार्यालयाला फाईलला लावण्याजोगा कागद हवा होता, हे त्या मुलीला पहिल्या दिवशी कळले. हे पत्र मी फेब्रुवारीतच जोडले असते तर उरलेले सगळे टळले असते, असे मला वाटते. मेव्हण्यांना तसे वाटत नाही.

त्या सुमारास तिथे बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचले, चित्रावर बोट फिरवले आणि अकराव्या रकान्यात हिरव्या शाईने "शीड" असे लिहून बाजूला सही केली. बाराव्या रकान्यासाठी त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ५.७६ चौरस मीटर सांगितले, त्यांनी ते लिहून घेतले. सगळे मिळून सात मिनिटे लागली.

होडी टेम्पोने कोगनोळीचा नाका ओलांडून आली, त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. चौदा फुटांची बॉडी पुरते आणि डोलकाठीचे दोन तुकडे वेगळे होत असल्यामुळे ती आत मावते. परवानगीचे छापील पत्र मात्र पाण्यात होडी घातल्यानंतर आठवड्याने मिळाले आणि त्यातील सहावी अट अशी आहे, की सूर्यास्तानंतर होडीचे इंजिन कोणत्याही परिस्थितीत सुरू करू नये. या अटीचे मी आजपर्यंत काटेकोर पालन केले आहे.