सशाला मांजराचा पाय

“ताई, ससा झक्कास झालाय. पण पाय मांजराचा लावलाय की तुम्ही.”

शेळ्या घेऊन माझ्या शेडवरून जाणारे बाबा एरवी उभ्याउभ्या बघून पुढे निघायचे. त्या दिवशी टेकून बसले आणि हे बोलले. मला आधी हसू आलं, मग राग आला. पाच आठवडे मी त्या दगडावर छिन्नी चालवत होते.

दगड चुनखडीचा, दोन फुटी. कडकपणाच्या मोहस मापावर ग्रॅनाइट सहा-सातला जातो, चुनखडी तीनच्या आसपास राहते. चाकूने ओरखडा उठतो, त्यामुळे हाताने काम करायला बरी. ससा मागच्या अंगावर बसून मागचा एक पाय तोंडाशी आणून चाटतोय, अशी बैठक. रानससा पहाटे बांधावर दिसतो तो दोन-तीन सेकंद. कान, डोळे, पाठीची कमान तेवढ्यात टिपता येते, पाय चाटतानाचे बारकावे कुठून मिळणार? घरातली मांजर मात्र दिवसभर पाय चाटत असते. तिला समोर बसवून चित्रं काढली आणि तिच्या तळव्याच्या गाद्या, मधली मोठी आणि बोटांच्या चार, जशाच्या तशा सशाला दिल्या. त्यावर खूषही होते. सगळ्या मूर्तीत तोच भाग मी सर्वात जास्त घोटला होता.

“गाद्या नसतात काय त्याला?”

“केस असतात. तळव्यालासुद्धा. उचलून बघितलाय ना मी.”

ते गेले. मी हातोडा ठेवला आणि थेट बांधावर गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता, चिखल अजून ओला होता. ठसे सापडायला अर्धा तास लागला. पुढचे दोन पाय एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागचे दोन लांबट पाय जवळजवळ शेजारी. उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात. गुडघे टेकून पाहिलं. नखांची टोकं होती, बाकी सगळं पुसट, जणू कुणी कुंचला दाबून उचलला. गादीचा खळगा एकाही ठशात नव्हता.

मातीत काम करणाऱ्यांचा मला अशा वेळी फार हेवा वाटतो. माती परत लावता येते. गाद्या तळव्यापासून तीन मिलिमीटर वर होत्या, त्या घासून गेल्या असत्या. पण त्यांच्याभोवतीच्या खाचा मी खोल मारल्या होत्या. त्या घालवायच्या तर अख्खा तळवा खाली न्यायला हवा. पाय तिथे जेमतेम अठरा मिलिमीटर जाड, खाली पोकळी. दगड दाब कितीही सोसतो, ताण आला की कटकन तुटतो. नशीब, हनुवटी आणि पाय यांच्यामध्ये आधाराला ठेवलेला दगडाचा पूल मी अजून कापला नव्हता.

आधी बोटाच्या पेराने पायावर टिचकी मारली. स्वच्छ टणक आवाज आला. आत भेग असती तर तो भद्द आला असता. मग पाणी मारून वाळेपर्यंत थांबले. भेग असली तर ती मागाहून वाळते, काळी रेघ दिसत राहते. रेघ नव्हती.

छिन्नी-हातोड्याला हातच लावला नाही. मास्क चढवला, डावा तळहात पायाखाली धरला आणि कानस घेतली. चार तास. पायाची जाडी पंधरा मिलिमीटरवर आल्यावर खाचा अजून दिसत होत्या, चौदावरही एक. तेरावर गेली. तोवर माझा डावा हात बधिर झाला होता.

फ्रान्स्वा पॉम्पाँ या फ्रेंच शिल्पकाराने १९२२ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पॅरिसमध्ये ध्रुवीय अस्वल मांडलं. त्यात केस नाहीत, सुरकुत्या नाहीत, नुसता गुळगुळीत आकार. मनात आलं, तो शहाणा होता. पण मला तळव्याचे केस हवे होते, आता तर हट्टानेच. गुळगुळीत करून झालेल्या तळव्यावर दातेरी छिन्नी नुसती हाताने दाबून ओढली, टाचेकडून बोटांकडे. बारीक समांतर रेघा उठल्या. तिथे पॉलिश पेपर लावलाच नाही. आधाराचा पूल तिसऱ्या दिवशी करवतीने कापला, श्वास रोखून.

आठवड्याने बाबा आले. सशाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला, बोलले काहीच नाहीत. त्यांचं लक्ष शेजारच्या दगडाकडे गेलं होतं. त्यावर मी कोळशाने पुढचं काम आखून ठेवलं होतं.

“हे काय, मुंगूस?”

“पाणमांजर.”

“मग बोटांत पडदा असतो हां त्याच्या,” म्हणाले आणि शेळ्यांच्या मागे गेले.

मी कोळसा उचलला आणि दगडावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: पडदा.