टेप लावलेलं बटण

माझ्या फिल्मचा पैसा दुसऱ्यांच्या व्हिडिओंतून उभा राहतो. प्रॉडक्टचे व्हिडिओ, कार्यक्रमांचं शूटिंग, कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म. काम आलं की आधी हिशेब मांडते: यातून लेन्सचं भाडं सुटेल, त्यातून साउंड रेकॉर्डिस्टचे पैसे. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या सुरक्षेवरची फिल्म घेतली तीही याच हिशेबाने.

स्क्रिप्ट कंपनीनेच लिहिलेली होती. गॉगल घाला, घाई करू नका, वगैरे. सकाळ दिव्यांनीच खाल्ली. 50 हर्ट्झच्या विजेवर शेडमधल्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटरचा मेळ बसला नाही की चित्रात पट्टे सरकायला लागतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवलं तेव्हा चित्र स्थिर झालं.

मग पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारी मशीन. तिला एकमेकांपासून लांब अशी दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, त्यामुळे डायखाली, म्हणजे वरून येणाऱ्या साच्याखाली, जाणार कसे? हे करून दाखवायला एक जुने ऑपरेटर दिले होते. बटणाचा क्लोजअप लावला, फोकस केला आणि दिसलं, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

मागून सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, डावा हात घ्या. नाहीतर दुसरा माणूस देतो."

काकांनी हात खिशात घातला. मला ते सहन झालं नाही. मी त्यांनाच विचारलं, "काका, तुमचा हात दिसला तर चालेल का?"

"नुसता हात कशाला? काय झालं ते सांगतोच की. पण हा आवाज थांबू द्या."

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाल्या. काकांना कॉलर माइक लावला आणि आधी एक मिनिटभर रिकाम्या शेडचा आवाज रेकॉर्ड केला. एडिटिंगमध्ये दोन वाक्यं जोडताना तो लागतोच. त्यांनी मेन स्विच बंद केल्याची स्वतः खात्री केली, काळ्या टेपचा रोल मागवला, दातांनी तुकडा तोडला आणि बटण दाबून त्यावर आडवी-उभी टेप मारली. हे सगळं बटणाकडे न बघता.

"असं केलं की एका हाताने मशीन चालते. दुसऱ्या हाताने माल सरकवायचा. टेप मीच लावली होती. सगळ्यांना दिसत होती, पण कोण बोलणार? टार्गेट पुरं होत होतं."

आताच्या कंट्रोलमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि दर वेळी दोन्ही सोडावी लागतात. त्यामुळे टेपची युक्ती तिथे चालत नाही. काकांची बोटं गेली ती मशीन जुनी होती. बोलून झाल्यावर काकांनी नखाने टेप खरवडून काढली, चिकटपणाही पुसला. तोवर मी कॅमेरा बंद केला नाही.

मी फिल्मचे दोन कट, म्हणजे दोन आवृत्त्या बनवल्या, एक स्क्रिप्टबरहुकूम आणि एक काकांचा. दुसऱ्याचे पैसे मिळणार नव्हते, पण तो केल्याशिवाय मला राहवलं नसतं. सेफ्टी ऑफिसरांनी नव्या मुलांना दोन्ही दाखवले. काकांच्या कटनंतर मुलं बराच वेळ प्रश्न विचारत होती, त्यामुळे तोच ठेवायचा ठरला. मात्र वरून निरोप आला, टार्गेटचं वाक्य काढा. मी भांडले. ते वाक्य काढलं की सगळा दोष एकट्या काकांवर येतो, हे परोपरीने सांगितलं. ऐकलं नाही. पैसा त्यांचा, फुटेज त्यांचं, करारातही तसंच लिहिलेलं होतं. पण ते वाक्य कापल्याचं मला आजही पटलेलं नाही.

काकांना फिल्म दाखवायला मी स्वतः गेले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "टार्गेटचं काढलं वाटतं?"

"हो काका. काढायला लावलं."

"मग तुमच्या सिनेमात घाला."

हे फुटेज मला वापरता येत नाही आणि माझी फिल्म वेगळ्याच विषयावर आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मी रिटायर झालो की घरी या. कॅमेरा तुमचा आणा, म्हणजे कोणी काढायला सांगणार नाही."

काकांवरच्या त्या फिल्मचं टिपण लिहून झालं आहे. तिच्या खर्चासाठी आणखी एका कंपनीची ट्रेनिंग फिल्म घेतली आहे.