संत्र्याच्या अळ्या, पुढचा अपडेट: कोष हिरवा की तपकिरी

मंडळी, मागच्या वेळी संत्र्याच्या नवतीवर (नव्या कोवळ्या पालवीवर) अंडी सापडली एवढंच लिहून थांबलो होतो, मग पोळा गेला, तान्हा पोळा गेला, अळ्या मोठ्या झाल्या, डबे भरले आणि लिहायचं राहूनच गेलं. आता एकदम सगळं टाकतो, कोषाचा रंग कशावरून ठरतो ते करून पाहिलं त्यासकट.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आपली अळी म्हणजे लिंबू फुलपाखराची, पॅपिलिओ डेमोलियस. विदर्भातल्या वरूड-मोर्शी-काटोलकडच्या संत्रावाल्यांना ती फुलपाखराची म्हणून कमी आणि पानं खाणारी अळी म्हणूनच जास्त माहीत. मोठ्या झाडाला तिचं फारसं काही होत नाही, पण शेंदुरजनाघाटकडच्या रोपवाटिकेतल्या जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याची कलम बांधतात त्या लिंबाच्या) रोपावर बसली की नुसती काडी उरते. मादी कोवळ्या पानावर उतरून पुढच्या पायांनी टकटक करते, तिला चव पायानेच कळते, पान लिंबू-संत्रा-बेल-कवठ खानदानातलं वाटलं की एकेक अंडं चिकटवते, फिकट पिवळं, जेमतेम एक मिलिमीटरचं. लहान अळी काळपट-पांढरी, थेट पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी, आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार. हा बदल कसा होतो ते जपानमध्ये २००८ साली हिच्याच भावकीतल्या पॅपिलिओ झुथस या जातीवर दाखवलं गेलं, अळीच्या अंगातलं ज्युव्हेनाइल हार्मोन (अळीचं बालपण टिकवणारं द्रव्य) कमी झालं की हिरवी गाडी सुटते, आणि ते वेळेवर बाहेरून दिलं तर शेवटच्या कातीनंतरही ती विष्ठेसारखीच राहते. अळीला बोट लावलं की मानेतून नारिंगी शिंग काढते आणि वास सोडते हे आपल्याकडच्या पोट्ट्यांना पुस्तकाआधी माहीत असतं.

मी वावरातल्या झाडाची पानं वापरत नाही, फवारणीचं काही सांगता येत नाही. अंगणातल्या गोडलिंबाच्या म्हणजे कढीपत्त्याच्या झाडावर सगळा कारभार चालतो.

आता कोषाकडे यायच्या आधी शेजारच्या काकाजींची गोष्ट सांगतो कारण खरी मजा तिथूनच चालू झाली. काकाजी जुने संत्रावाले, त्यांचं ठाम म्हणणं, "अळी पानातूनच पैदा होते बाप्पा, मी लहानपणापासून पाहून रायलो." मी म्हटलं काकाजी, हे तर १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडी या शास्त्रज्ञाने मोडीत काढलं, मटण उघड्या बरणीत ठेवलं तर अळ्या, कापडाने झाकलं तर मटणावर अळ्या नाहीत, माश्या वरच्या कापडावरच घिरट्या घालत बसल्या. काकाजी म्हणाले, "ते मटण होय, हे झाड होय." आणि खरं सांगू का, हा मुद्दा अगदीच फालतू नाही! खुद्द रेडीने मटणातल्या अळ्यांचं खोडून काढलं पण झाडावरच्या गाठीतले किडे झाडाच्याच जीवनशक्तीतून होतात असं तो मानत राहिला, ते पुढे मालपिगी वगैरे शास्त्रज्ञांनी गाठीत अंडी दाखवून दुरुस्त केलं. म्हणजे काकाजी रेडीच्याच बाजूने बोलत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

मग आम्ही करूनच पाहिलं. फुटवा डोळ्यातून नुकता निघतोय अशा फांद्या निवडल्या, भिंगाने अंडं नाही ना ते पाहून घेतलं. काहींना मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली, काही उघड्या ठेवल्या. उघड्यांवर अळ्या आल्या, पिशवीत नाही. काकाजी म्हणाले, "पिशवीत वारं लागलं नाही, ऊन कमी पडलं, मंग पैदा कशी होईन?" मला आधी राग आला, मग वाटलं हा माणूस बरोबर अडवतोय. उघडी फांदी आणि पिशवीतली फांदी यात फुलपाखरू येणं-न येणं एवढाच फरक नाही ना, सावली वेगळी, वारा वेगळा, ओलावा वेगळा. म्हणून तिसरा गट केला: तीच पिशवी, तसंच बांधकाम, फक्त दोन्ही बाजूंनी मोठी भोकं कापलेली. सावली तीच, वारा जवळपास तोच, पण पाखरू आत शिरू शकतं. त्या भोकवाल्या पिशव्यांमध्ये अळ्या आल्या. उघड्या फांदीपेक्षा कमी आल्या, पण आल्या. काकाजी खूप वेळ पिशवी उलटसुलट करून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आपल्याले पटलं." कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला गट) कशाला म्हणतात ते मला शाळेत कधी नीट कळलं नव्हतं, या भोकवाल्या पिशवीने कळलं.

तर आता कोष. आपल्या ग्रुपमध्ये सगळेच सांगतात की कोष पानावर असला तर हिरवा, खोडावर-काडीवर असला तर तपकिरी, अळी आजूबाजूचा रंग पाहून रंग घेते. पहिलं वाक्य मी स्वतः पाहिलंय, बरोबर आहे. दुसऱ्या वाक्यावर माझा अडकला पाय. कारण पान हिरवं असतं तसंच गुळगुळीतही असतं, आणि काडी तपकिरी असते तशीच खरखरीतही असते. मग अळी रंग बघते की पायाखालचा पोत, हे नुसतं झाडावर बघून आयुष्यभर कळणार नाही, कितीही फोटो काढा.

हा प्रश्न काही नवा नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड पोल्टन या शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये याच विषयावर मोठं काम छापलं, वेगवेगळ्या रंगाच्या कागदांमध्ये, अगदी सोनेरी वर्खातसुद्धा अळ्या ठेवल्या आणि आजूबाजूचा रंग बदलला की काही जातींच्या कोषाचा रंग बदलतो हे दाखवलं. पण त्या जाती वेगळ्या. पॅपिलिओ गटात नंतरच्या लोकांना पोत, दिवस किती मोठा, हवेतला ओलावा असं बरंच काही सापडलंय. मी मुद्दाम निकाल शोधत बसलो नाही, आधी स्वतः करून बघायचं होतं.

दुसरी एक अडचण माझ्या भाचीने काढली, बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली मामा, अळी स्वतः जागा निवडते, मग जिला हिरवंच व्हायचंय तीच पानाकडे जात असेल तर? म्हणजे जागेमुळे रंग नाही, रंगामुळे जागा! एकदम बरोबर. म्हणून अळीला निवडायला ठेवायचंच नाही, आपण द्यायची जागा, आणि कोणती कुणाला ते चिठ्ठ्या टाकून.

सेटअप असा. रसवंतीवर मिळतात तशा जाड स्ट्रॉ घेतल्या, सगळ्या एकाच मापाच्या. अर्ध्यांना फेव्हिकॉल लावून चाळलेली बारीक वाळू चिकटवली, अर्ध्या तशाच. मग दोन्हीतल्या अर्ध्या हिरव्या ऑइल पेंटने रंगवल्या, अर्ध्या तपकिरी. झाले चार प्रकार: हिरवी गुळगुळीत, हिरवी खरखरीत, तपकिरी गुळगुळीत, तपकिरी खरखरीत. रंग सगळ्यांनाच लावला म्हणजे वासाचा फरक राहत नाही, तरी बरेच दिवस उन्हात वाळवल्या. प्रत्येक बरणीत एक स्ट्रॉ, वर मलमलचं कापड, एक अळी.

अळी कधी टाकायची हे महत्त्वाचं आहे. कोषाच्या आधी ती खाणं बंद करते, पोट रिकामं करते, पातळ विष्ठा पडते आणि मग येड्यासारखी भटकत सुटते. ती पातळ विष्ठा दिसली की चिठ्ठी काढायची आणि बरणीत सोडायची. नंतर ती शेपटीकडे रेशमाची गादी करते, पाठीमागून धाग्याचा पट्टा घेते आणि साधारण दिवसभराने कात टाकून कोष होतो. रंगाचा निर्णय त्याआधीच झालेला असतो, म्हणून कोष झाल्यावर काडी बदलून काही उपयोग नाही, कुणीतरी मागे विचारलं होतं म्हणून सांगतोय. एका मादीची अंडी एकाच गटात जाऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या झाडांवरच्या अळ्या मिसळून घेतल्या.

आणि एक नियम आधीच वहीत लिहून ठेवला की जी अळी स्ट्रॉ सोडून बरणीच्या काचेवर किंवा मलमलवर कोष करेल ती मुख्य तक्त्यात धरायची नाही, वेगळ्या पानावर लिहायची. आधी लिहिलं नसतं तर नंतर जी आपल्या बाजूची तिला आत आणि विरोधातली तिला बाहेर असा मोह झालाच असता, मनुष्यस्वभाव आहे. रंग ठरवायचं कामही मी केलं नाही. पांढऱ्या कागदाला चीर पाडून स्ट्रॉ झाकली, नुसता कोष दिसेल असा फोटो काढला आणि भाचीला पाठवला, तिला कोणती बरणी ते माहीत नाही. तिने तीनच शेरे द्यायचे: हिरवा, तपकिरी, मधला.

निकाल. हिरवी गुळगुळीत जवळपास सगळे हिरवे, तपकिरी खरखरीत जवळपास सगळे तपकिरी, यात कुणालाच नवल नाही. बघायच्या होत्या मधल्या दोन प्रकारच्या बरण्या. हिरव्या खरखरीतवर तपकिरी जास्त निघाले! भोवती सगळं हिरवं असून. आणि तपकिरी गुळगुळीतवर हिरवे जास्त, पण तिथे खिचडी आहे, तपकिरीही बरेच आणि "मधला" शेरा सगळ्यात जास्त तिथेच पडला. म्हणजे माझ्या बरण्यांपुरतं म्हणायचं तर पोताचं वजन जास्त दिसतंय, पण रंगाचं काहीच नाही असं म्हणायला मी तयार नाही. काही जण लगेच "सिद्ध झालं" लिहितील म्हणून सांगतो, एका अंगणातली एका पावसाळ्यातली गोष्ट आहे ही, आणि काचेवर कोष केलेल्या, वहीत वेगळ्या लिहिलेल्या अळ्या बघितल्या तर त्यांचे कोषही बहुतेक हिरवे आहेत, काच गुळगुळीत हे जमतं पण काचेला हिरवा रंग कुठे असतो? अर्थात बरणीच्या बाहेर अंगणात हिरवं होतंच, त्यामुळे तो पुरावा अर्धाच.

काही कोषांमधून फुलपाखरू न निघता बारीक भोक पडून चिलटाएवढ्या वास्प (गांधीलमाशीच्या भावकीतल्या) निघाल्या. काकाजी लगेच हजर, "आता हे कोषातून पैदा झाल्या का नाई?" मी हसलो आणि त्यांना प्टेरोमॅलस प्यूपॅरमबद्दल सांगितलं, ही बारकी वास्प कोवळ्या ताज्या कोषात अंडी घालते, तिची पिल्लं आतूनच तो खातात. वावरात ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा नावाच्या बारक्या वास्पचं कार्ड) लावणाऱ्याला हे समजावणं सोपं, ती ट्रायकोग्रामा पण दुसऱ्याच्या अंड्यात अंडी घालते. या कोषांचा रंगाचा शेरा आधीच झाला होता म्हणून तक्त्यातून काढले नाहीत. पण मलमलच्या विणीतून त्या आत गेल्या असाव्यात, पुढच्या वेळी कापड दुहेरी.

पुढचं काम अंधाराचं. हाच चार गटांचा प्रकार काळ्या कागदाने गुंडाळलेल्या बरण्यांमध्ये करायचा. अळी डोळ्याने रंग बघून ठरवत असेल तर अंधारात हिरव्या-तपकिरीचा फरक पुसला जाईल आणि खरखरीत-गुळगुळीतचा राहील. दोन्ही राहिले तर माझी मांडणी कुठेतरी गळकी आहे, पेंटच्या थराने पोत बदलत असेल किंवा अजून काही. तुलनेला उजेडातल्या बरण्या त्याच वेळी त्याच टेबलावर, नाहीतर पावसाळ्याच्या अळ्या आणि थंडीच्या अळ्या असा नवाच घोळ होईल, दिवस लहान झाला की पॅपिलिओचा हिशोब बदलू शकतो.

ज्यांच्याकडे आंबिया बहाराच्या (थंडी सरतानाच्या फुलोऱ्याच्या) वेळी नवती चांगली येते त्यांनी तेव्हा हेच करून बघा, स्ट्रॉ आणि वाळू कुठेही मिळते. आणि कुणाच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बावची हे औषधी झाड असेल तर जरूर कळवा, लिंबू खानदानातली नसूनही हीच अळी बावचीवर वाढते आणि मला ती अंडी पाहिजेत. फोटो पाठवताना कोष कशावर होता ते कृपया झाकून पाठवा, शेरा भाची देईल, झाकलेली जागा नंतर सांगा.