मोठीमायचं टोपलं

गेल्या वर्षी चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी मोठीमायचं टोपलं तिच्या नातवानं पुढं आणून ठेवलं. पहिल्या वेचणीचा कापूस, त्यावर चार मक्याची कणसं आणि एक सीताफळ. ती स्वतः मागं सतरंजीवर बसून राहिली. संध्याकाळी घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "कागद वाचाचा होता नं बापू. मले कुठं वाचता येते?"

तो कागद मीच केला होता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातली कबुली त्यावर उतरवली होती आणि प्रत्येकानं आपलं दान ठेवताना ती मोठ्यानं वाचायची असं ठरवलं होतं. ज्या बाईनं पन्नास वर्षं पऱ्हाटी वेचली, तिचंच तोंड मी बंद केलं. वर्षभर हे मनातून गेलं नाही.

त्या कबुलीवर माझा फार जीव आहे. इस्राएली शेतकरी पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढं उभा राही, पण बोलायला लागे तो पिकाबद्दल नाही. तो म्हणे, माझा बाप भटका अरामी होता, थोड्याशा माणसांनिशी मिसरात, म्हणजे इजिप्तात, उपरा म्हणून राहिला, तिथं आम्हाला राबवलं, छळलं, आम्ही हाक मारली आणि देवानं आम्हाला बाहेर काढून ही जमीन दिली. मिसर डोळ्यानंही न पाहिलेला माणूस 'आम्हाला छळलं' म्हणे. सगळं सांगून झालं की शेवटी, म्हणून हे पहिलं फळ आणलंय. आणि मग त्या आनंदात देवाच्या सेवेतला, स्वतःची जमीन नसलेला लेवी आणि गावातला उपराही सोबत हवाच.

इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात या प्रथमफळांचं सविस्तर वर्णन आहे. शेतात पहिलं अंजीर धरलेलं दिसलं की त्याला लव्हाळं बांधून ठेवायचं, हे प्रथमफळ म्हणून. यरुशलेमच्या वाटेवर पुढं बासरी वाजे, सोबत शिंगं मढवलेला बैल चाले. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या काड्यांच्या. पण मी थांबलो ते एका जागी. पूर्वी ज्याला कबुली येई तो स्वतः म्हणे, न येणाऱ्याला कोणी सांगे आणि तो मागून म्हणे. त्या लाजेनं लोक फळं आणायचेच थांबले. तेव्हा ठरलं की येवो न येवो, सगळ्यांनाच सांगायचं. त्याच ग्रंथात बाईनं फळं आणावी पण कबुली म्हणू नये, असंही आहे. ते मला मान्य नाही.

यंदा कागद केला नाही. मी एकेक वाक्य सांगितलं, पाळकांपासून पोरांपर्यंत सगळे मागून म्हणाले. मोठीमायची पाळी आली. डोक्यावरचं टोपलं उतरवून तिनं पदर सारखा केला. 'माझा बाप भटका होता' एवढं मी सांगितलं आणि ती पुढचं ऐकायला थांबलीच नाही.

"माहा आजा लहान पोरगा होता. दुष्काळात मायबाप वाटंवर मेले. तो एकटा चालत चालत आला, मिशनात त्याले भाकर भेटली. आज आमचं वावर हाय देवा, हा त्यातला कापूस."

1899-1900 चा तो दुष्काळ. आजोबांची ही गोष्ट तिच्या घरातल्या पोरांनीही कधी ऐकली नव्हती. नातू तिच्याकडं बघतच राहिला.

उपासना सुटल्यावर ती माझ्याजवळ आली. "टोपलं खाली करून दे बापू. उद्या वेचणीले लागते."