गेंटचे कोकरू आणि आपली कानबाई

बेल्जियममधील गेंट शहरात, सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये असलेले वेदीचित्र (वेदीवर उभे करण्यासाठी फळ्यांवर रंगवलेले चित्र) चित्रकार ह्यूबर्ट व्हान आइकने हाती घेतले आणि १४२६ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याचा भाऊ यान याने ते १४३२ मध्ये पूर्ण केले. येथे राहत असल्यामुळे मी ते काचेच्या भक्कम पेटीआड, पर्यटकांच्या खांद्यांवरून पाहिले आहे. तरीही स्पष्टच सांगते, मला ते नीट दिसले ते घरी संगणकावर, ‘क्लोजर टू व्हान आइक’ या संकेतस्थळावर, आणि हे संकेतस्थळ जळगाव-धुळ्यात बसूनही विनामूल्य उघडता येते.

चित्राच्या मध्यभागी वेदीवर एक कोकरू उभे आहे, त्याच्या छातीतून निघालेली रक्ताची धार चषकात पडते आहे आणि चहूबाजूंनी देवदूत, संत व भाविक जमले आहेत. ख्रिस्ताच्या बलिदानाचे हे रूप. सोळाव्या शतकात कोणीतरी त्याच्या डोक्यावर नवा रंग चढवला. १९५० च्या सुमारास झालेल्या सफाईत मूळचे कान वर आले, पण नंतरचेही तसेच राहिले, त्यामुळे ते बिचारे कित्येक वर्षे चार कानांनी वावरले! अलीकडच्या जीर्णोद्धारात तो थर काढल्यावर समोर रोखून पाहणारा, जवळजवळ माणसाचा वाटावा असा चेहरा प्रकट झाला. संकेतस्थळावर आधीचा व नंतरचा चेहरा ताडून पाहता येतो आणि क्ष-किरण व अवरक्त प्रतिमांमधून रंगाखाली काय दडले आहे तेही तपासता येते. कॅथेड्रलमध्ये हे सुख नाही.

मात्र पडद्यावर एक गोष्ट निसटते. या चित्राला बिजागऱ्यांवर फिरणारे पंख, म्हणजे दारांसारख्या उघडमिट होणाऱ्या रंगवलेल्या फळ्या आहेत. पूर्वी एरवी ते मिटलेले असत आणि भाविकांना मेरीला वार्ता सांगणारा देवदूत व करड्या छटांत पुतळ्यांसारखे रंगवलेले संत दिसत. सणाच्या दिवशी पंख उघडले की आतले लाल-हिरवे वैभव समोर येई. खान्देशात ज्याने कानबाई देवीचा सण पाहिला आहे, त्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे-नथ लावून ती चौरंगावर बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत तिचा साजशृंगार मला गर्दीत कधी दिसला नव्हता इतका स्वच्छ दिसतो. पण तो व्हिडिओ मी कार्तिकातही लावू शकते, आणि तेव्हा ती केवळ सुंदर दिसते.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी. पहिल्या लेण्यात रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व वर्षभर भिंतीवरच असतो, तेथे अडचण अंधाराची. त्यामुळे मोठ्या, स्पष्ट छायाचित्रांनी त्याचा माझ्या मते निव्वळ फायदाच होतो.

गेंटचे चित्र उघडाल तेव्हा आधी मिटलेली बाजू निवांत पाहा, मग आत जा. उघडल्यावर डावीकडे खाली दिसणारी न्यायाधीशांची फळी मात्र मूळ नव्हे. मूळ फळी १९३४ मध्ये चोरीला गेली, ती अद्याप सापडलेली नाही, आणि तिच्या जागी आज नक्कल बसवलेली आहे.