आमची वाटचाल: एका दिवसाचं आग्रा, मराठीतून

दिल्लीहून पहाटे निघायचं, आग्रा बघायचं आणि रात्री झोपायला परत यायचं, ही सहल विकणारे दिल्लीत पहाडगंजपासून करोलबागेपर्यंत जागोजागी भेटतात. आम्हीही तीच सहल करतो. आमच्या गाडीत मात्र एका वेळी एकच कुटुंब असतं. गाईड दिवसभर त्याच कुटुंबाबरोबर राहतो, मराठीतून बोलतो आणि वाटेत कुठल्याही दुकानाशी गाडी थांबत नाही. या तीन गोष्टींवर आमचा व्यवसाय उभा आहे. त्या टिकवण्यात काय काय करावं लागलं, ते एकदा लिहून ठेवावं असं वाटत होतं.

मी मूळची साताऱ्याची. तिथे शाळेत इतिहास शिकवत होते. यजमानांची बदली दिल्लीला झाली आणि आमचं घर पाहुण्यांचं उतरण्याचं ठिकाण झालं. दिल्लीला आलेला मराठी माणूस ताजमहाल बघितल्याशिवाय परत जात नाही, त्यामुळे प्रत्येक पाहुण्यामागे माझीही एक फेरी व्हायची. तेव्हा मथुरा रोडने फरिदाबाद, पलवल, कोसी असं गर्दीतून रखडत जावं लागे. निम्मा दिवस रस्त्यातच जायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये यमुना एक्सप्रेसवे सुरू झाला. ग्रेटर नोएडा ते आग्रा, १६५ किलोमीटर सलग रस्ता. एका दिवसात नीट आग्रा दाखवता येईल हा विश्वास त्या रस्त्याने दिला. यजमानांनी हिशेब सांभाळायचे आणि मी माणसं, असं ठरवून आम्ही कामाला लागलो. एप्रिल २०१६ मध्ये हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस सुरू झाली आणि शंभर मिनिटांत आग्रा कँट गाठता येऊ लागलं. ज्यांना गाडीत बसून कंबर धरते त्यांना आम्ही आता गतिमाननेच पाठवतो. आग्र्याच्या स्टेशनवर आमची गाडी उभी असते.

पहिली अडचण गाईडची होती. स्मारकात गाईड म्हणून बोलायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे कुणीही मराठी माणूस उभा करून चालत नाही. आम्ही आग्र्यातलाच एक परवानाधारक तरुण निवडला. सुरुवातीला तो हिंदीतून सांगायचा आणि पाहुण्यांना अडलेलं मी मराठीतून समजावून द्यायचे. हळूहळू तो ऐकून ऐकून मराठी बोलू लागला. पुढे शनिवार-रविवार सोडून आठवड्यातले दोन तास आम्ही शिकवणीला बसू लागलो. आज तो "आजी, ही पायरी उंच आहे, माझा हात धरा" असं सहज म्हणतो, आणि पाहुणे त्याला गाव कोणतं म्हणून विचारतात. त्याच्या ओळखीने आणखी गाईड आले आणि तेही तसेच तयार झाले. आमच्या व्यवसायाचं खरं भांडवल कुठलं असं कुणी विचारलं तर मी या मुलांकडे बोट दाखवीन.

दुसरा प्रश्न दुकानांचा. आग्र्यात पाहुणा उतरला की त्याच्यामागे लपके लागतात. हा तिथलाच शब्द, गिऱ्हाईक गळाला लावणाऱ्यांसाठी. त्यापलीकडे कमिशनची एक पक्की साखळी आहे. संगमरवराचं दुकान, चामड्याचं दुकान, पेठ्याचं दुकान, आणि प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर-गाईडचा वाटा. सहलीचा दर जेवढा कमी, तेवढा दुकानातला मुक्काम मोठा, कारण उरलेले पैसे तिथूनच वसूल व्हायचे असतात. आम्ही पहिल्यापासून ठरवलं की कमिशन घ्यायचं नाही आणि घेऊ द्यायचं नाही. त्यासाठी ड्रायव्हर आणि गाईड दोघांचा मेहनताना वाढवावा लागला, साहजिकच आमचा दर बाजारापेक्षा चढा राहिला. फोनवर दर ऐकून "बघतो, कळवतो" म्हणणारे पुष्कळ. तरीही जे आले त्यांनी आपल्या भावंडांना, शेजाऱ्यांना सांगितलं. अजूनही आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं अशी तोंडी निरोपानेच येतात.

कारागिरी बघण्याची इच्छा असेल तर आम्ही ताजगंजमधल्या एका पच्चीकारी करणाऱ्या घरी नेतो. खरेदीची सक्ती नाही. संगमरवरावर गेरूसारखा रंग फासून त्यावर नक्षी कोरतात, म्हणजे पांढऱ्या दगडात रेघ उठून दिसते. मग हाताने फिरवायच्या चाकावर अकीक, लाजवर्द, मॅलाकाइट अशा रंगीत दगडांचे तुकडे पाकळीएवढे घासून त्या खाचेत बसवतात. एका फुलात किती तुकडे असू शकतात हे इथे बघून गेलेला माणूस ताजमध्ये जाळीपुढे उभा राहतो तेव्हा आपोआप वाकून बघायला लागतो. मोबाइलचा टॉर्च अकीकाच्या पाकळीवर धरला की ती आतून निखाऱ्यासारखी पेटते. ताजला वापरलेला, राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवरही थोडा प्रकाश आत घेतो.

आता सांगण्याबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. ताजमहालाभोवती दंतकथांचं रान माजलेलं आहे. कारागिरांचे हात तोडले, नदीपलीकडे काळा ताज बांधायचा होता, वगैरे. श्रोत्यांना या गोष्टी आवडतात आणि गाईडला सोप्या जातात. आमच्या गाईडना आम्ही त्या खऱ्या म्हणून सांगू देत नाही. हात तोडल्याचा कोणताही समकालीन पुरावा नाही. काळ्या ताजची जागा म्हणून दाखवतात त्या मेहताब बागेत पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा पाया मिळाला नाही, मिळाला तो एक मोठा अष्टकोनी हौद. ताजचं प्रतिबिंब त्या पाण्यात पडावं अशी ती रचना होती. मला विचाराल तर काळ्या ताजच्या कथेपेक्षा हे कितीतरी सुंदर आहे.

आणि सांगण्यासारखं खरं इतकं आहे की दिवस अपुरा पडतो. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात गेली. १६३२ मध्ये काम सुरू झालं, मुख्य मकबरा साधारण १६४३ पर्यंत उभा राहिला, आणि बागा-दरवाजांसकट सगळा परिसर पुरा व्हायला १६५३ उजाडलं. रचनाकार म्हणून उस्ताद अहमद लाहोरीचं नाव येतं. कमानींवरची अक्षरं शिराझहून आलेल्या अमानत खानाची, आणि त्याने आपलं नाव तिथे कोरून ठेवलं आहे. अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून बघणाऱ्याला ती सारखीच दिसतात. चारी मिनार किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत. पश्चिमेला मशीद, पूर्वेला तिच्याच जोडीची इमारत, तिला जवाब म्हणतात. तोल साधण्यासाठी ती बांधली. एवढ्या काटेकोर समतोलात एकच गोष्ट मध्यरेषा सोडून आहे, ती म्हणजे शाहजहानची कबर. मुमताजची कबर बरोबर मध्यावर, त्याची नंतर तिच्या शेजारी आली.

मराठी पाहुण्यांना आम्ही एक धागा आवर्जून देतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा रचनाकार अताउल्ला हा याच उस्ताद अहमदचा मुलगा. तिथल्या दरवाजावरच्या लेखात त्याचं आणि हंसपत राय या स्थापत्यकाराचं नाव आहे. बीबी का मकबरा लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेले काका-काकू हे ऐकून एकमेकांकडे बघतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. खासगी सहलीचा फायदा इथे दिसतो. पन्नास माणसांच्या बसमध्ये असा प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही.

दिवसाची आखणी ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात आम्ही सूर्योदयाच्या सुमाराला ताजमध्ये शिरतो, कारण दुपारी चौथरा तापतो आणि आजी-आजोबांना त्यावर उभं राहवत नाही. त्यासाठी आदल्या रात्री आग्र्यात मुक्काम करा असं आम्ही स्वच्छ सांगतो. डिसेंबर-जानेवारीत उलट. धुकं इतकं दाट असतं की चौथऱ्याशी जाऊनही घुमट दिसत नाही, आणि एक्सप्रेसवेवर वेगमर्यादाही कमी केलेली असते. अशा दिवसांत उशिरा निघायचं, आधी इतिमाद-उद्-दौलाचा मकबरा, मग किल्ला, आणि उन्हं आली की ताज. मला स्वतःला हाच क्रम जास्त आवडतो. नूरजहानने वडिलांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधलेला तो छोटा, पांढरा मकबरा आधी बघितला की ताजमधली पच्चीकारी कुठून आली ते न सांगता कळतं. तिथे गर्दीही नसते.

फत्तेपूर सिक्री आम्ही दिल्लीहून एका दिवसात घेत नाही. आग्र्यापासून ती जवळपास चाळीस किलोमीटरवर आहे, आणि बुलंद दरवाजा, सलीम चिश्तींचा दर्गा, दिवाण-ए-खासमधला तो एकमेव खांब, हे सगळं तासाभरात उरकणं म्हणजे अकबराच्या त्या नगरीवर अन्याय आहे. कुणी फारच आग्रह धरला तर मुक्काम वाढवा म्हणतो. काही पाहुणे त्यामुळे दुसरीकडे गेले. जाऊ दे.

बाकी बारीकसारीक गोष्टी बुकिंग होतानाच सांगून टाकतो. ताज शुक्रवारी बंद असतो. भारतीयांना ५० रुपयांचं तिकीट, मुख्य मकबऱ्यात जायचं तर २०० रुपये वेगळे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, तेव्हा चकल्या-लाडवांचा डबा गाडीतच ठेवावा. पेट्रोल-डिझेलची गाडी ताजजवळ जाऊ देत नाहीत, शिल्पग्रामच्या पार्किंगपासून बॅटरीची गाडी घ्यावी लागते. किल्ल्यात अमरसिंह दरवाजातून वर जाणारा चढ खडा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, आम्ही वेळ वाढवून ठेवतो.

किल्ला आमच्या पाहुण्यांसाठी निराळाच असतो. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसला की गाडीतला आवाज बदलतो. "महाराज कुठे उभे होते?" हा प्रश्न ठरलेला. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार होता. महाराज पोहोचेपर्यंत दिवाण-ए-आममधला सोहळा संपून बादशहा दिवाण-ए-खासमध्ये गेला होता आणि तिथे त्यांना नेलं गेलं. आग्र्याहून जयपूरजवळच्या आंबेरला त्या दिवसांत गेलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत, त्यामुळे तो अपमान आणि महाराजांचा संताप याचं वर्णन जवळच्या माणसांच्या शब्दांत आपल्याला मिळतं. महाराजांना या किल्ल्यात कोंडलं होतं असा पुष्कळांचा समज असतो. त्यांचा मुक्काम बाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या छावणीजवळ होता आणि पहारे तिथे बसले. किल्ल्यात कैदेत होता तो शाहजहान, १६५८ पासून जानेवारी १६६६ मध्ये मरेपर्यंत. मुसम्मन बुरुजावरून ताज दिसतो. बाप त्या बुरुजात गेला, त्यानंतर चारच महिन्यांनी मुलाच्या दरबारात महाराज उभे होते, हे एकत्र सांगितलं की तो सगळा काळ डोळ्यांपुढे येतो. पुढे महादजी शिंद्यांनी आग्रा घेतलं आणि १८०३ पर्यंत हा किल्ला मराठ्यांकडे होता, हेही सांगतो. २०२३ मध्ये दिवाण-ए-आमसमोर शिवजयंती साजरी झाली. तेव्हापासून फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांची चौकशी वाढली आहे.

१७ मार्च २०२० ला स्मारकं बंद झाली. ताज उघडला तो २१ सप्टेंबरला, दिवसाला पाच हजार माणसांच्या मर्यादेने. दुसऱ्या लाटेत १६ एप्रिल २०२१ पासून पुन्हा दोन महिने बंद. परवानाधारक गाईडला पगार नसतो, लोक आले तर त्याचं घर चालतं. आम्ही आमच्या बचतीतून त्यांना थोडंफार देत राहिलो आणि मी संध्याकाळी घरून मराठीत व्याख्यानं सुरू केली: हुमायूनचा मकबरा, लाल किल्ला, ताज, एकेक विषय. वर्गणी ऐच्छिक होती आणि ती सगळी गाईड-ड्रायव्हरांकडे गेली. त्या व्याख्यानांना बसलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे प्रत्यक्ष आले.

त्यातूनच शुक्रवारची दिल्ली सुरू झाली. ताज बंद असतो त्या दिवशी हुमायूनचा मकबरा, जामा मशीद आणि लाल किल्ला. लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी काढलं, ही हकीकत तिथेच उभं राहून ऐकताना पानिपतच्या आधीची ती तंगी किती खरी होती ते जाणवतं.

येत्या हिवाळ्यात आम्ही बुऱ्हाणपूर सुरू करतो आहोत, भुसावळहून गाडीने जाऊन-येऊन एका दिवसाचं. मुमताजला आधी दफन केलं ते तिथे, तापीच्या पलीकडे जैनाबादला. तिथून सहा महिन्यांनी तिचं शव आग्र्याला नेलं. तिथल्या आहूखान्याची, म्हणजे शाही हरणांच्या बागेतली, पडकी इमारत अजून उभी आहे. शाही किल्ल्यात रंगीत चित्रांचं हमाम आहे आणि अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये बांधलेला कुंडी भंडारा जमिनीखालून शहराला पाणी आणत होता. खानदेशातल्या माणसाला हे इतकं जवळ असून तिथे जाणारे फार थोडे. गाईडसाठी तिथल्याच दोन मुलांशी बोलणं झालं आहे. मराठी त्यांना शिकवावी लागणार नाही, बुऱ्हाणपुरात ती बऱ्याच घरांत बोलली जाते.